रिकामी कबर आणि बंद दारं: भीती आणि संशय यांच्याशी पुनरुत्थानाच्या विश्वासाने कसं वागावं

मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट आधी नीट वाचा. सोळाव्या अध्यायात तीन स्त्रिया पहाटे येशूच्या कबरेकडे जातात. धोंड बाजूला लोटलेली दिसते, 'तो उठला आहे' हे त्या स्वतःच्या कानांनी ऐकतात, आणि आठव्या वचनात थरथर कापत पळत सुटतात. भ्यायल्या होत्या म्हणून कोणाला काही सांगत नाहीत. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन मोठ्या हस्तलिखितांत मार्क इथेच थांबतो. ९ ते २० ही वचनं त्यांत नाहीत.

म्हणजे पुनरुत्थानाची, येशू मेलेल्यांतून उठल्याची, बातमी कानावर पडली आणि भीती पळाली, असं पहिल्या दिवशीसुद्धा झालं नाही. 'विश्वास ठेवा, भीती आपोआप जाईल' असं सांगणाऱ्यांनी हा क्रम कुठून आणला कोण जाणे. शुभवर्तमानांत बातमी आधी येते, भीती तिच्यासोबतच राहते, आणि मग येशू त्या भ्यालेल्या माणसांमध्ये येऊन उभा राहतो. खाली दिलेली पद्धत याच क्रमाने जाते.

आधी कागद-पेन घ्या

भीती मोघम असेल तर तिच्यावर काही चालत नाही. म्हणून दहा मिनिटं बसून एक वाक्य पूर्ण करा: 'मला भीती वाटते की…' यात 'सगळ्याची', 'पुढची', 'आयुष्याची' हे शब्द चालणार नाहीत. नेमकी गोष्ट लिहा. मग त्याखाली 'तसं झालंच तर?' असं विचारा आणि उत्तर लिहा. त्याच्याखाली पुन्हा तोच प्रश्न. चार-पाच पायऱ्या खाली उतरा. असा एक कागद साधारण असा दिसतो:

मला भीती वाटते की तपासणीचा रिपोर्ट वाईट येईल.
तसं झालंच तर? मोठे उपचार सुरू होतील.
मग? काम सुटेल, घरच्यांवर ओझं होईन.
मग? उपयोग नाही झाला तर मरेन.
मग? मुलं एकटी पडतील, आणि मी कुठे असेन हे मला माहीत नाही.

पुनरुत्थानाचा विश्वास बोलतो तो सगळ्यात खालच्या ओळीशी. वरच्या ओळीबद्दल, म्हणजे रिपोर्टबद्दल, त्याने कुठलंही वचन दिलेलं नाही. सगळ्यात जास्त लोक अडखळतात ते इथेच. 'येशू जिवंत आहे, म्हणजे रिपोर्ट चांगलाच येणार' असं मनाशी धरून बसतात. रिपोर्ट वाईट आला की विश्वास मोडल्यासारखा वाटतो. खरं तर मोडलेलं असतं ते कोणी न दिलेलं वचन. बरा झालेला माणूसही पुढे कधीतरी मरतोच. येशूने मेलेल्यांतून उठवलेला लाजरसुद्धा कबरेतून बाहेर आला तो पुन्हा कधीतरी मरण्यासाठीच. येशूचं उठणं वेगळं आहे. प्रेषित पौल त्याला 'प्रथमफळ' म्हणतो (१ करिंथ १५:२०). पिकाची पहिली पेंढी आणि मागून येणारं पीक एकाच शेतातलं असतं. तेव्हा 'मी कुठे असेन' या ओळीला उत्तर आहे: जिथे तो आहे तिथे, आणि जसा तो उठला तसा.

मरणाचं भय माणसाला आयुष्यभर गुलाम करून ठेवतं, असं इब्री लोकांस पत्रात म्हटलं आहे (२:१४-१५). हे वचन सूक्ष्म आहे. माणूस मरतो म्हणून नव्हे, तर मरणाला भिऊन तो जे करतो, करत नाही, लपवतो, साठवतो, त्यामुळे तो गुलाम. म्हणून कागदाच्या मागच्या बाजूला आणखी एक ओळ लिहा: 'या भीतीपोटी मी सध्या काय टाळतोय?' फोन, भेट, माफी, मृत्युपत्र, डॉक्टर, काहीही असेल. पुढच्या आठ दिवसांत त्यातली एकच गोष्ट करायची आहे.

भीतीच्या तळाशी अपराध निघाला तर

तळाची ओळ मरणाची नसून 'मी जे केलं ते उघडं पडेल' किंवा 'मला क्षमा नाही' अशी निघाली, तर इब्री पत्र बाजूला ठेवा आणि योहान उघडा. दोन उतारे एकामागून एक, मोठ्याने वाचायचे: १८:१५-२७ आणि मग २१:१-१९. मध्ये थांबू नका.

पहिल्या उताऱ्यात थंडी आहे आणि लोक कोळशाच्या शेकोटीभोवती उभे आहेत. तिथे येशूचा शिष्य पेत्र येशूशी असलेला आपला संबंध तीनदा नाकारतो. दुसऱ्या उताऱ्यात पहाट आहे, किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी. 'कोळशाचा विस्तव' या अर्थाचा ग्रीक शब्द, अँथ्राकिया, संपूर्ण नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. पेत्र ज्या वासाजवळ पडला त्याच वासाजवळ त्याला बसवलं आहे. पण क्रम बघा: आधी न्याहारी, मग प्रश्न. तीन नकारांसमोर तीनदा 'माझ्यावर प्रीती करतोस का?' हा प्रश्न, आणि तिसऱ्या वेळी पेत्राला वाईट वाटतं. ते वाईट वाटणं येशू टाळत नाही. आणि प्रत्येक उत्तरानंतर त्याच्या हाती काम देतो: मेंढरं सांभाळ. (जाळ्यातल्या १५३ माशांचा गूढ अर्थ शोधत बसू नका. शतकानुशतकं लोक शोधत आले आहेत. तुमच्या आजच्या कामाला त्याचा उपयोग नाही.)

वाचून झालं की तुमचा नकार एका वाक्यात लिहा. कारणं नकोत, 'पण' नको. ते वाक्य देवासमोर मोठ्याने म्हणा आणि शक्य असेल तर एका विश्वासू माणसासमोर, पाळकासमोर किंवा धर्मगुरूसमोर. ज्याचं नुकसान केलं असेल त्याची भरपाई हा वेगळा विषय नाही, तो याचाच पुढचा भाग आहे. क्षमा मिळाल्याची भावना लगेच आली नाही तर पुन्हा पुन्हा कबुली देत बसू नका. शेवटी पेत्राला हलकं वाटलं की नाही हे योहान सांगतच नाही. त्याला काय करायला सांगितलं तेवढंच सांगतो.

संशय: आधी कुठल्या जातीचा ते ओळखा

मत्तय २८:१७ मध्ये अकरा शिष्य गालीलातल्या डोंगरावर येशूला पाहून नमन करतात, 'पण कित्येकांना संशय वाटला'. इथला ग्रीक शब्द नव्या करारात फक्त आणखी एकदा येतो, तोही मत्तयातच: पेत्र पाण्यावर चालता चालता बुडू लागतो तेव्हा (१४:३१). त्याचा अर्थ नाकारणं असा नाही, मन दोन्हीकडे ओढलं जाणं असा आहे. पाय पाण्यावर, डोळे वाऱ्यावर. आणि डोंगरावर येशू काय करतो? संशय असलेले डावीकडे, नसलेले उजवीकडे, असं करत नाही. सगळ्यांना एकच आज्ञा देतो आणि सगळ्यांनाच 'मी तुमच्याबरोबर आहे' म्हणतो. तेव्हा संशय आहे म्हणून उपासना, प्रार्थना, सेवा थांबवण्याची गरज नाही. डोंगरावर नमन आणि संशय एकाच वेळी चालू होते.

मात्र सगळ्या संशयांना एक औषध लागू पडत नाही, आणि चुकीचं औषध दिलं तर दुखणं वाढतं.

काहींचा संशय माहितीचा असतो: हे खरंच घडलं का? अशा माणसाला 'फक्त विश्वास ठेव' म्हणणं म्हणजे त्याला दारातून परत पाठवणं. त्याने एका मोठ्या कागदावर चार रकाने आखावेत: मत्तय २८, मार्क १६, लूक २४, योहान २०. डाव्या बाजूला प्रश्न लिहावेत: कोण गेलं, कधी, कबरेपाशी कोण दिसलं, धोंडेचं काय, पुढे कोणाला सांगितलं. सगळं भरायला दीड-दोन तास लागतात. फरक निघतील, आणि ते लपवू नका. मार्क तीन स्त्रियांची नावं देतो, मत्तय दोघींची. एकीकडे एक देवदूत, दुसरीकडे दोन. पण तक्ता पूर्ण झाला की चारही रकान्यांत सारख्या ओळी उभ्या राहतात: आठवड्याचा पहिला दिवस, पहाट, मग्दालीया मरीया, हललेली धोंड, शरीर नाही. आणि एक गोष्ट चारही ठिकाणी नाही: प्रत्यक्ष उठण्याच्या क्षणाचं वर्णन. कोणीच ते केलेलं नाही. गोष्ट रचणाऱ्याने सगळ्यात रंगवला असता तो क्षण इथे रिकामा आहे. शिवाय स्त्रियांची साक्ष ज्या काळी कमी लेखली जाई, त्या काळात पहिल्या साक्षी म्हणून स्त्रियांची नावं कोणी मुद्दाम घालणार नाही. शिष्यांनीही त्यांचं बोलणं बरळणं समजून सोडून दिलं, हे लूक २४:११ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे.

त्यानंतर १ करिंथ १५:३-८ वाचा. हे पत्र साधारण इ.स. ५३ ते ५५ मधलं, म्हणजे शुभवर्तमानांच्याही आधीचं. पौल म्हणतो, मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं. म्हणजे यादी त्याच्याहूनही जुनी आहे. येशू ज्यांना दिसला त्यांची ही यादी: केफा (म्हणजे पेत्र), मग बारा शिष्य, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू, ज्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, मग याकोब, मग सर्व प्रेषित. हा याकोब म्हणजे प्रभूचा भाऊ; येशूच्या भावांचा आधी त्याच्यावर विश्वास नव्हता (योहान ७:५). पुढे तोच यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख झाला, आणि इ.स. ६२ मध्ये त्याला ठार मारल्याची नोंद योसेफस या यहुदी इतिहासकाराने केली आहे. पौल केफाकडे १५ दिवस राहिला होता आणि त्याच मुक्कामात याकोबालाही भेटला होता, हे गलतीकरांस पत्रात आहे (१:१८-१९). ऐकीव गोष्टीच्या मानाने हे अंतर फार कमी आहे.

इतकं करून शंभर टक्के सिद्धता हाती येणार नाही. इतिहास दारापर्यंत आणून सोडतो. 'शेवटची शंका फिटली की मग प्रार्थना करीन' असं ठरवणारे लोक वर्षानुवर्षं दारातच उभे राहतात, कारण शेवटची शंका नावाची वस्तू नसते.

काहींचा संशय दुखावलेला असतो. प्रश्न पुराव्यांचा विचारतात, पण खालून हुंदका असतो. ओळखायची खूण सोपी: उत्तर दिलं की दुसरा प्रश्न, त्याचं दिलं की तिसरा, आणि कुठल्याच उत्तराने चेहरा बदलत नाही. असा संशय असेल तर लूक २४:१३-३५. यरुशलेमपासून अम्माऊस साठ स्तादिया, सुमारे ११ किलोमीटर. दोघं जण निराश होऊन परत चालले आहेत. त्यांचं सगळ्यात जड वाक्य एकविसाव्या वचनात आहे: 'आमची आशा होती की…' येशू आधी त्यांना बोलू देतो. सगळी हकीकत, जी त्याच्यावरच गुदरली होती, तो त्यांच्या तोंडून ऐकून घेतो. मग शास्त्र उलगडतो. आणि ओळख पटते ती शास्त्राच्या वेळीही नाही, भाकर मोडताना. तुम्हीही 'माझी आशा होती की…' या शब्दांनी सुरू होणारं एक पान लिहा. देवाला उद्देशून, गुळमुळीत न करता. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तरी ते बायबलमध्ये आहे. तुमचं पानही अंधारात संपलं तर चालेल.

आणि काही संशय निव्वळ थकव्याचे असतात. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला देतो (१ राजे १९). बोलणं नंतर, डोंगरावर. आठवडाभर नीट झोप झाली नसेल तर विश्वासाचे मोठे निर्णय घेऊ नका.

आठ दिवस

येशू उठल्यावर पहिल्या रविवारी शिष्यांना दिसला, तेव्हा त्यांच्यातला थोमा तिथे नव्हता. 'संशयी थोमा' हे नाव त्याला लोकांनी उगाच चिकटवलं आहे. बाकीच्यांना येशूने हात आणि कूस आधीच दाखवली होती (योहान २०:२०). थोमाने मागितलं ते जवळपास तेवढंच. आणि 'आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ' म्हणणारा हाच (११:१६). पण त्याने एक फार महत्त्वाची गोष्ट केली: विश्वास बसला नाही तरी तो त्या खोलीत राहिला. पुढचे आठ दिवस, ज्यांच्या बोलण्यावर विश्वास नव्हता त्यांच्यातच. म्हणून ही मुदत आठ दिवसांची.

रोज वीस मिनिटं, एकाच जागी, शक्यतो सकाळी. तीन मिनिटं शांत बसणं, सात मिनिटं मोठ्याने वाचन, पाच मिनिटं लेखन, पाच मिनिटं प्रार्थना. लेखनात दोनच ओळी: आज या उताऱ्यात कोण भ्यालं होतं, आणि येशूने त्याच्याशी काय केलं. वाचन असं: पहिला दिवस मार्क १६:१-८, दुसरा योहान २०:१-१८, तिसरा लूक २४:१३-३५, चौथा लूक २४:३६-४९, पाचवा मत्तय २८:१६-२०, सहावा योहान २१:१-१९, सातवा १ करिंथ १५:१-२०, आठवा योहान २०:१९-२९. चौथ्या दिवशीचं ४१वं वचन सावकाश वाचा: आनंदामुळेच त्यांना खरं वाटेना. तेव्हा येशू भाजलेला मासा घेऊन त्यांच्यासमोर खातो. तर्क नाही, जेवण.

यातला एखादा दिवस चुकला तर मुदत एका दिवसाने वाढवा, पण एका दिवशी दोन उतारे उरकू नका. आणि आठांपैकी किमान दोन दिवस कोणाबरोबर तरी बसा. एकट्याने केलेलं सहसा चौथ्या-पाचव्या दिवशी सुटतं.

रात्री भीतीने जाग आली तर वाचन नको आणि फोनवर वादविवादाचे व्हिडिओ तर अजिबात नकोत. रात्री दोनला प्रत्येक आक्षेप दुप्पट मोठा दिसतो. उठून बसा, पाय जमिनीला टेकवा. श्वास घेताना चार आकडे, सोडताना सहा. आत घेताना मनात 'तू जिवंत आहेस', सोडताना 'मी तुझ्या हातात आहे'. दहा वेळा. तरी भीती तशीच असेल तर कागदावर एक ओळ लिहा आणि ती सकाळच्या वीस मिनिटांसाठी ठेवा.

कुठे बिघडतं

'भिऊ नको हे बायबलमध्ये ३६५ वेळा आहे, रोजचं एक' असं आवडीने सांगितलं जातं. मोजून पाहिलं तर तेवढे भरत नाहीत. अशा गोड पण खोट्या आधारावर उभं राहू नका. आकडा खोटा निघाला की खरी गोष्टही संशयात येते.

दुसरी चूक, रडणाऱ्याला गप्प करणं. 'तो प्रभूकडे गेला, रडतोस काय?' हे वाक्य शास्त्राला धरून नाही. लाजरला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला. पौल 'आशा नसलेल्यांसारखा' शोक करू नका म्हणतो (१ थेस्सल ४:१३). शोकच करू नका असं म्हणत नाही.

तिसरी जास्त धोक्याची. छातीत धडधड, श्वास कोंडणं, दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक उडणं ही आजाराची लक्षणं असू शकतात. डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जा. जीव देण्याचा विचार येत असेल तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा, एकटे राहू नका. त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही. पौलानेही लिहिलं आहे की आशिया प्रांतात आपण जगण्याची आशासुद्धा सोडली होती (२ करिंथ १:८-९).

तुम्ही स्वतः संशयात नसाल पण संशयात असलेल्याजवळ बसत असाल, तर यहूदाच्या पत्रातलं २२वं वचन पुरे: जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा. निम्म्याहून जास्त वेळ ऐका. ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' म्हणा. त्याने सांगितलेलं प्रार्थनासभेत 'विनंती' म्हणून जाहीर करू नका. एकदा असं झालं की तो माणूस पुन्हा तोंड उघडत नाही.

आठ दिवसांनी काय तपासायचं

'भीती गेली का?' हा प्रश्न विचारू नका. योहान २०:२६ पाहा. येशूला प्रत्यक्ष पाहून आठ दिवस झाले होते, आणि शिष्यांची दारं अजून बंदच होती. तो पुन्हा आला, बंद दारांतून, आणि पुन्हा तेच म्हणाला: तुम्हाला शांती असो. दार का लावलं म्हणून रागावला नाही.

म्हणून पहिला कागद काढा आणि मागची बाजू वाचा: जी गोष्ट टाळत होता ती केली का? केली असेल, भले हात कापत का होईना, तर विश्वासाने काम केलं. नसेल तर तीच गोष्ट आणखी लहान करून पुढचे आठ दिवस पुन्हा सुरू करा. माफी मागायला जाणं जमलं नाही? मग दोन ओळींचा निरोप. तेही नाही? मग फक्त तो निरोप लिहून ठेवा.

वर्षभर तारखा घालून हे कागद जपा. बदल इतका हळू होतो की स्वतःला दिसत नाही. अंगणातल्या शेकोटीपाशी एका दासीला घाबरलेला पेत्र प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात तुरुंगात आहे. हेरोदाने योहानाचा भाऊ याकोब याला नुकताच तलवारीने मारला आहे, उद्या पेत्राची पाळी. दोन साखळ्या, दोन्ही बाजूंना शिपाई. आणि पेत्र इतका गाढ झोपला आहे की देवदूताला त्याच्या कुशीत मारून त्याला उठवावं लागतं. तो सुटून मंडळीच्या दाराशी येतो, तेव्हा आत त्याच्यासाठीच प्रार्थना चाललेली असते. रुदा नावाची दासी धावत येऊन सांगते, पेत्र दारात आहे. प्रार्थना करणारे म्हणतात, तुला वेड लागलंय. पेत्र दार ठोठावतच राहतो.